‘डाउन’ म्हणजे नुसते ‘खाली’ नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतील शब्दयोगी अव्यये शिकवताना ‘डाउन’पुढे ‘खाली’ एवढे लिहून आपण मोकळे होतो. ‘डाउन द हिल’ म्हणजे टेकडीवरून खाली, इथवर ते निभावते. पण ‘डाउन द रोड’मधला रस्ता उताराचाच असतो असे नाही, तो सपाट असला किंवा अगदी चढाचा असला तरी ‘या रस्त्याने पुढे’ एवढाच अर्थ घ्यायचा असतो. सर्व्हर डाउन होतो किंवा मन डाउन असते, ते सरावाने कळते.

खरी पंचाईत बोलभाषेत होते. सिनेमाला येतोस का, असे विचारल्यावर एखादा अमेरिकन तरुण ‘आय ॲम डाउन’ म्हणतो, तेव्हा तो खिन्न नसून एका पायावर तयार असतो. (व्याकरणाच्या दृष्टीने इथे ‘डाउन’ शब्दयोगी अव्यय उरत नाही, तो विशेषणाचे काम करतो.) गंमत म्हणजे ‘आय ॲम अप फॉर इट’ याचाही अर्थ तोच! ‘डाउन विथ’ तर याहून फसवे आहे. ‘ही इज डाउन विथ फ्लू’ म्हणजे तो फ्लूने अंथरुणाला खिळला आहे. ‘आय ॲम डाउन विथ दॅट’ म्हणजे मला ते मान्य आहे. आणि कर्ता व क्रियापद दोन्ही गाळून नुसते ‘डाउन विथ द किंग!’ म्हटले, की ती राजाविरुद्धची मुर्दाबादची घोषणा होते. आजारपण, संमती आणि निषेध या तिन्ही ठिकाणी शब्द तेच दोन असल्यामुळे निर्णय करायचा तो वाक्याच्या घडणीवरून आणि पुढे काय आले आहे त्यावरून.

अशा प्रयोगांना भ्रष्ट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी या शब्दाचे मूळ पाहावे. जुन्या इंग्रजीत ‘दून’ म्हणजे टेकडी, आणि ‘टेकडीवरून’ अशा अर्थाचा शब्दसमूह झिजत जाऊन आजचा ‘डाउन’ झाला. दक्षिण इंग्लंडमधील ‘साउथ डाउन्स’ या टेकड्यांच्या नावात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. उंचवट्याचा शब्द सखलपणा दाखवू लागला हे प्रमाण भाषेने पचवलेच ना? ‘डाउन सिंड्रोम’ मात्र या कुळातला नव्हे. 1866 मध्ये त्याचे वर्णन करणारे ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांचे ते आडनाव आहे, आणि त्यात ‘खालचा’ असा अर्थ शोधणे चुकीचे तर आहेच, शिवाय क्लेशकारकही आहे.

इंग्रजी-मराठी कोश तयार करणाऱ्यांनी अशा शब्दांचा प्रत्येक अर्थ पूर्ण वाक्यासह द्यावा आणि तो मित्रांशी बोलताना चालतो की नोकरीच्या अर्जातही चालतो, याची खूण शेजारी करावी. कोशाची नवी आवृत्ती निघेपर्यंत आपल्या वृत्तपत्रात आठवड्याला असा एक शब्द उदाहरणांसह छापता आला, तर विद्यार्थ्यांइतकाच तो अनुवादकांच्याही उपयोगी पडेल.

आपला,
एक नियमित वाचक