घारापुरीच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. घारापुरीच्या मोठ्या लेण्यात पहाऱ्यावर असणारे काका, एवढं पुरे. गेल्या महिन्यात ठाण्यात माझ्या जलरंगांचं छोटंसं प्रदर्शन झालं. येणारा जो तो नटराजापाशी थांबायचा आणि विचारायचा, ‘हे अर्धवट का सोडलंय?’ प्रत्येकाला तुमची गोष्ट सांगितली. तुमचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.

पहिल्या दिवशी गेटवेवरून सकाळची लाँच धरून आलो होतो. उत्तरेच्या दारातून शिरलो की उजवीकडे नटराज. तिथेच फतकल मारून बसलो आणि पाण्याचा डबा उघडला, तशी तुमची शिट्टी वाजली. म्हटलं, आता हाकलतात. पण तुम्ही स्वतःची जेवणाची थाळी आणून माझ्यापुढे ठेवलीत. ‘डबा यात ठेवा. दगडावर थेंब पडायला नको.’ नंतर शाळेची सहल आली तेव्हा पोरांना खांबाच्या पलीकडून वळवलंत, तेही मला कळू न देता.

मी चित्रात आठही हात काढले होते. दोन्ही पायसुद्धा. प्रत्यक्षात हात बहुतेक तुटलेले, गुडघ्याखाली तर काहीच नाही. पण मूर्तिशास्त्राची पुस्तकं वाचून आलेला माणूस मी, मला सगळं ठाऊक! तुम्ही बराच वेळ मागे उभे होतात. मग म्हणालात, ‘हे हात कुठनं आणलेत?’

‘मूळचे असेच असणार.’

‘असतील. एकोणीस वर्षं रोज बघतोय, मला नाही दिसले कधी.’

खरं सांगतो, तेव्हा राग आला होता. परतीच्या लाँचवर मांडीवर कागद घेऊन बघितलं, तर जिवंत होतं ते फक्त धड. कमरेचा तो बाक, शांत चेहरा. हात-पाय कॅलेंडरातल्या देवाचे वाटत होते.

पुढच्या वेळी दिसलं तेवढंच काढलं. जलरंगात पांढरा रंग आम्ही शक्यतो वापरत नाही. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. दंड जिथे तुटलाय तिथे ब्रश थांबवला, कडेला नुसतं पाणी फिरवलं आणि रंग आपोआप विरू दिला. लेण्यातल्या दमट हवेत तो वाळायला अर्धा तास लागला. मी फुंकर मारत बसलो होतो, तुम्ही हसत होतात.

आणि ती बॅटरी! मी सावलीसाठी काळा कालवत होतो. तुम्ही भिंतीला लागून तिरपा झोत टाकलात. ‘काळं कुठाय यात?’ नव्हतंच. तांबूस होतं, शेवाळी होतं, एका खाचेत चक्क जांभळं. तेव्हापासून डब्यातला काळा वाळून खडा झालाय. आता अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र करतो. त्या निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर बेसॉल्टसारखा खरखरीत पोत आपसूक उमटतो. पण हे मिश्रण मी वर्षानुवर्षं आभाळासाठी वापरत होतो, दगडासाठी कधी सुचलं नव्हतं.

सदाशिव अजून जमत नाही. साडेपाच मीटरांची ती तीन मुखं पाव इंपीरियल, म्हणजे मोठ्या कागदाच्या चौथाई तुकड्यावर आणताना दोन कागद फाडले. डावीकडचा मिशीवाला भैरव कसाबसा येतो. उजवीकडचं, कमळवालं मुख फार गोड होतं, मिठाईच्या डब्यावरच्या चित्रासारखं. तुमची बॅटरी तिथेही लागणार आहे.

सोमवारी लेणी बंद, म्हणून मंगळवारी येतोय. तुमच्या थाळीवरचा निळा डाग काही निघाला नाही, हे मला ठाऊक आहे. नवी थाळी आणतो. नटराजाची एक प्रतही आणतो. हात मोजून घ्या.

तुमचा,
खांबाजवळचा चित्रकार