बापू, इटलीला जायचं असेल तर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न सरळ आहे: एवढे पैसे ओतून त्या ऑपेरावाल्या सहलीला जाण्यात अर्थ आहे, की आपलं आपण तिकीट काढून हिंडावं? फोनवर 'जा' म्हणून मोकळा झालो असतो, पण मग तू दर रविवारी 'पण का?' विचारून डोकं खाल्लं असतंस. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

जा. पण हॉटेलांसाठी जाऊ नकोस. हॉटेलं झकास होती, संगमरवरी न्हाणीघर आणि रात्री उशीवर चॉकलेट, आमच्या सौ.ने त्याचे पुष्कळ फोटो काढलेत, वहिनींना दाखवेलच. मला विचारशील तर पैसे वसूल झाले ते आमच्याबरोबरच्या बाईंमुळे. मिलानच्या, साठीच्या पुढच्या, संगीताच्या इतिहासाच्या अभ्यासक. प्रयोगाच्या दिवशी दुपारी हॉटेलातल्या पियानोपाशी सगळ्यांना बसवायच्या आणि चार सूर वाजवून म्हणायच्या, "एवढं लक्षात ठेवा. आत्ता ती मेणबत्ती पेटवायला शेजाऱ्याकडे आली आहे. चौथ्या अंकात हेच सूर परत येतील, तेव्हा ती मरायला टेकलेली असेल." हे 'ला बोहेम' या ऑपेराच्या नायिकेबद्दल. रात्री स्काला या मिलानच्या ऑपेरा थिएटरात चौथ्या अंकात ते सूर खरोखरच आले, अगदी हलके, आणि माझ्या शेजारी बसलेल्या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी रुमाल काढला. एरवी मी नुसता पडदा नि दिवे बघत बसलो असतो. बंदिश माहीत असल्याशिवाय ख्यालात काय चाललंय ते कळत नाही असं तू नेहमी म्हणतोस, ते तिथेही तंतोतंत लागू.

स्कालाची इमारत बाहेरून बघून सौ. म्हणाली, "हेच का ते?" खरंच, रस्त्यावरून अगदी साधी दिसते. १७७८ साली उघडली, पहिला प्रयोग सालिएरी या संगीतकाराच्या ऑपेराचा. मोझार्टला विष घातल्याची खोटी कंडी ज्याच्या नावावर पिकली, तोच हा सालिएरी. आत शिरलं की मात्र लाल मखमल, सोनेरी कठडे, एकावर एक बॉक्सचे चार मजले आणि त्यावर दोन गॅलऱ्या. १९४३च्या बाँबहल्ल्यात छत कोसळलं होतं. १९४६च्या मे महिन्यात तोस्कानिनी हा थोर वाद्यवृंद-संचालक परत येऊन उभा राहिला आणि थिएटर पुन्हा सुरू झालं. आता खुर्चीच्या पाठीवर छोटा पडदा असतो, त्यावर गाण्याचा अर्थ इंग्रजीत येतो, त्यामुळे भाषेची भीती बाळगू नकोस.

पण तुला आवडतील ती वरच्या गॅलरीतली माणसं. तिकडे तिला लोज्जोने म्हणतात. तिकीट सगळ्यात स्वस्त आणि जाणकारी सगळ्यात महाग. सूर घसरला की भर प्रयोगात हुर्यो. २००६ साली 'आयदा' या प्राचीन इजिप्तमध्ये घडणाऱ्या ऑपेरात रोबेर्तो आलान्या हा नामांकित टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) पहिल्याच गाण्यानंतर हुर्यो झाली म्हणून रंगमंच सोडून चालता झाला. समोरची गायिका नायकाविना उभी! बदली गायक अंगावरच्या रोजच्या कपड्यांतच प्राचीन इजिप्तमध्ये घुसला. हे ऐकून मला भरत नाट्य मंदिरातल्या आपल्या जुन्या मंडळींची आठवण झाली. ती नुसती खाकरायची, पण परिणाम तोच.

एक फरक मात्र आहे. आपल्याकडे बालगंधर्वांना वन्समोअरवर वन्समोअर मिळत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. स्कालात वन्समोअर हा जवळजवळ गुन्हाच. तोस्कानिनीला तो प्रकार अजिबात खपत नसे. २००७ साली हुआन दिएगो फ्लोरेस या गायकाने एक गाणं पुन्हा म्हटलं, तर जगभर बातमी झाली, कारण तिथे एकट्या गायकाने असं करून ७० वर्षं उलटून गेली होती. कोण बरोबर, यावर आपण दोघं एक संध्याकाळ सहज घालवू. मी अर्थात वन्समोअरच्या बाजूचा.

मिलानमध्येच आणखी एक जागा आहे, ती कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरांत होती आणि मला सगळ्यात जास्त भावली. म्हाताऱ्या, निवृत्त संगीतकारांसाठी 'आयदा' रचणाऱ्या व्हेर्दीने स्वतःच्या पैशांनी बांधलेलं घर. इमारत १८९९ साली पुरी झाली, पण आपण जिवंत असेपर्यंत कोणाला आत घ्यायचं नाही अशी त्याची अट. लोकांनी येऊन आभार मानलेले त्याला नको होते. तो जानेवारी १९०१ मध्ये गेला. आजारी होता तेव्हा हॉटेलासमोरच्या रस्त्यावर लोकांनी पेंढा पसरला होता, घोडागाड्यांचा खडखडाट त्याच्या कानी पडू नये म्हणून. घर १९०२ साली उघडलं आणि त्याच्या ऑपेरांच्या मानधनावर पुढे कितीतरी वर्षं चाललं. तो आणि त्याची बायको तिथेच तळघरात शेजारी शेजारी आहेत. आपली सगळ्यात चांगली कृती म्हणजे हे घर, असं तो म्हणे. आम्ही अंगणात उभे होतो तेव्हा वरच्या मजल्यावरून कोणीतरी पियानोवर एकच ओळ घोटत होतं, पुन्हा पुन्हा तिथेच अडखळत होतं. आपल्याकडच्या किती गायक नटांचे शेवटचे दिवस कसे गेले, ते तुला सांगायला नको.

आता चित्रांकडे येतो. लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' बघायला १५ मिनिटं मिळतात, घड्याळ लावून. काचेच्या दारांतून टप्प्याटप्प्याने सोडतात, बाहेरची धूळ नि ओलावा आत जाऊ नये म्हणून. तिकिटं फार आधी संपतात. सहलवाल्यांनी ती काढून ठेवली होती हा त्यांचा खरा उपकार. मठाच्या जेवणघराची भिंत आहे ती, साधारण १४९५ ते १४९८ मध्ये रंगवलेली. भित्तिचित्र ओल्या गिलाव्यावर काढलं तर रंग भिंतीत मुरतो, पण मग गिलावा वाळायच्या आत हात उरकावा लागतो. लिओनार्दोला घाई नको होती. एक रेघ ओढून दिवसभर बघत बसणारा माणूस तो. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं आणि त्याच्या हयातीतच पोपडे धरायला लागले. पुढे १६५२ साली मठवाल्यांनी स्वयंपाकघराकडे जायला त्या भिंतीत दार पाडलं, नेमके येशूचे पाय गेले! दार आता बुजवलंय, पण त्याची कमान स्पष्ट दिसते. १९४३च्या बाँबहल्ल्यात जेवणघर उद्ध्वस्त झालं. ही भिंत वाळूची पोती रचून ठेवली होती म्हणून उभी राहिली. शेवटचं जीर्णोद्धाराचं काम १९७८ पासून १९९९ पर्यंत चाललं. एवढं सगळं होऊन जे उरलंय ते फिकट आहे, पण माणसांचे हात बघ. तोंडं पुसट झालीत तरी कोण काय बोलतंय ते हातांवरून कळतं.

खरं सांगू? मला पादुआतला जोत्तो हा चित्रकार त्याहून मोठा वाटला. व्हेरोनाहून व्हेनिसला जाताना वाटेत लागतं पादुआ. स्क्रोव्हेन्यी नावाच्या सावकाराच्या पोराने बांधलेलं छोटंसं प्रार्थनागृह, १३०५ सालचं. बाप इतका कुप्रसिद्ध व्याजखोर की दान्ते कवीने आपल्या काव्यात त्याला नरकात बसवलंय. आत छत गर्द निळं, त्यावर सोनेरी चांदण्या, आणि चारी भिंतींवर कथा. यहुदा येशूचं चुंबन घेतो तो प्रसंग बघ. मागे भाले, मशाली, गर्दीची नुसती झुंबड, आणि मधोमध यहुदाचा पिवळा झगा. त्या झग्यात त्याने येशूला जवळजवळ गुंडाळून टाकलंय. दोघांचे चेहरे वितीवर. येशू त्याच्याकडे सरळ बघतोय, रागावलेलाही नाही. हे लिओनार्दोच्या दोनशे वर्षं आधीचं! बाई तिथे एक अक्षर बोलल्या नाहीत. समजावून केव्हा सांगायचं आणि केव्हा गप्प बसायचं हे कळणारी माणसं थोडी.

व्हेरोना म्हणजे वेगळाच मामला. रोमन काळातलं उघडं लंबगोल प्रेक्षागार. व्हेर्दीच्या जन्मशताब्दीला, १० ऑगस्ट १९१३ रोजी, तिथे 'आयदा' लावला आणि तेव्हापासून, महायुद्धांची वर्षं सोडली तर, दर उन्हाळ्यात ऑपेरा चालतो. एवढी मोठी उघडी जागा, तरी आवाज पोचतो. आम्हाला अर्थातच खाली गादीच्या खुर्च्या होत्या, आजूबाजूला उंची पोशाख आणि अत्तरं. पण दगडी पायऱ्यांवर बसलेल्या लोकांनी अंधार पडताना छोट्या मेणबत्त्या लावल्या, तेव्हा सगळी मजा तिकडेच आहे हे माझ्या लक्षात आलं. वरती घरून आणलेले डबे उघडत होते, पोरं मांडीवर झोपली होती. दिवसभर तापलेला तो दगड रात्रीही तव्यासारखा, म्हणून उशी घेऊन जातात. मध्येच चार थेंब पडले, तर पहिले पळाले ते व्हायोलिनवाले, वाद्य कोटाखाली लपवून. थोड्या वेळाने आले, सूर जुळवले आणि पुढे सुरू. तुम्ही दोघं गेलात तर निदान एक रात्र सहलवाल्यांना सांगून पायऱ्यांवर बसा.

व्हेनिसला गर्दी फार, दुकानं त्याहून जास्त. मुरानोच्या काचकामाच्या नावाखाली अर्धा दिवस एका दुकानात कोंडलं, तिथे मी मुकाट्याने फुकटची कॉफी प्यायलो. पण फेनिचे हे तिथलं ऑपेरा थिएटर चुकवू नकोस. १९९६च्या जानेवारीत ते जळून खाक झालं. दोन इलेक्ट्रिशियननी लावलेली आग. काम वेळेत होत नव्हतं आणि दंड भरायचा नव्हता. भोवतालचे कालवे साफसफाईसाठी कोरडे केलेले, त्यामुळे बंबाच्या होड्यांना जवळ जाता येईना. नंतर जसंच्या तसं उभारलं, आणि २००४ साली 'ला त्राव्हियाता'ने पुन्हा ऑपेरा सुरू केला. हाच ऑपेरा १८५३ साली तिथेच पहिल्यांदा सडकून आपटला होता. क्षयाने खंगलेली नायिका म्हणून चांगली भरल्या अंगाची गायिका उभी केली, आणि शेवटच्या अंकात लोक हसले. पुढच्या वर्षी त्याच गावात, दुसऱ्या थिएटरात, तोच ऑपेरा डोक्यावर घेतला.

फ्लोरेन्सचा डेव्हिडचा पुतळा, बोत्तिचेल्लीची चित्रं वगैरे तू पुस्तकांत पाहिलंच आहेस. प्रत्यक्षात मोठं आहे एवढंच म्हणतो. मला तिथली दुसरी गोष्ट सांगायची आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी तिथे काही विद्वान एका सरदाराच्या वाड्यात जमत. गॅलिलिओचा बाप त्यांतलाच एक. प्राचीन ग्रीक नाटकं गायली जात असावीत असं त्यांच्या डोक्यात बसलं, आणि तसं करून बघण्याच्या खटाटोपातून ऑपेरा जन्मला. १६०० साली पित्ती राजवाड्यात मेदिची घराण्यातल्या एका लग्नानिमित्त 'एउरिदिचे' झाला. आज संपूर्ण उपलब्ध असलेल्यांत तो सगळ्यात जुना. आता आठव, आपले अण्णासाहेब किर्लोस्कर. १८८० साली पुण्यात कालिदासाचं शाकुंतल हाती घेतलं, त्यात पदं घातली, आणि मराठी संगीत नाटकाची गाडी सुरू झाली. दोन्हीकडे नजर जुन्या नाटकाकडे, आणि हाती आलं ते भलतंच नवं. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत टिपून घेतलं. बायकांची कामं पुरुष करत हेही सांगितलं, त्यावर त्या म्हणाल्या, "पोपच्या रोममध्येही तेच, फक्त आमच्याकडे त्यासाठी पोरांना लहानपणीच खच्ची करत." जेवणाच्या टेबलावर थोडी शांतता पसरली.

रोममध्ये पुच्चिनीच्या 'तोस्का' या ऑपेराचे तीन अंक तीन खऱ्या जागांवर घडतात, तिन्ही पायी फिरता येतात: सांत आन्द्रेआ चर्च, फार्नेसे राजवाडा, आणि नदीकाठचा सांत आंजेलो किल्ला. पहाटेच्या घंटा कशा ऐकू येतात हे बघायला पुच्चिनी स्वतः त्या किल्ल्यावर गेला होता. सेंट पीटरच्या मोठ्या घंटेचा नेमका सूर कोणता, याची चौकशी केली होती. नायिका तोस्का जिथून उडी घेते तिथून मी खाली वाकून पाहिलं. नदी बरीच लांब आहे, ती आवारातच पडली असणार. कारावाज्जो या चित्रकाराची चित्रं बघायला सान लुइजी चर्चमध्ये जा. चित्रावर दिवा लावायला पेटीत नाणं टाकावं लागतं, सुटे पैसे खिशात ठेव.

तेव्हा उन्हाळ्यातलीच सहल घे, जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला. स्काला आणि व्हेरोना दोन्ही तेव्हाच जमतात. स्कालाचा मोसम ७ डिसेंबरला सुरू होतो, त्या रात्रीचा थाट मोठा असतो म्हणे, पण तिकिटाचे आकडे ऐकून तू परत यायचास. व्हिसाचं काम आधीच उरकून ठेव.

वहिनींना सा. न., मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना

ता. क. वहिनी शाकाहारी आहेत हे सहलवाल्यांना लेखी कळव. मिलानचा केशर घातलेला रिसोत्तो (भाताचा प्रकार) दिसायला निरुपद्रवी, पण मांसाच्या रश्शात शिजवतात आणि हाडातली मज्जाही घालतात. सौ.ने पहिला घास तोंडाजवळ नेला होता, तेवढ्यात वेटरनेच बिचाऱ्याने सांगितलं.