हरणावर पॉइंट टू-टू: परवानगीपत्रात बंदुकीबरोबर गोळीचाही उल्लेख हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शेतकरी बंधूंचे पत्र प्रसिद्ध झाले. हरभऱ्यात आणि केळीच्या बागांत शिरणारे रोही (नीलगायी) आणि हरणे मारण्याची मुभा परवानाधारक शेतकऱ्यांना द्यावी, आणि त्यासाठी पॉइंट टू-टू रायफल पुरेशी मानावी, अशी त्यांची मागणी आहे. ही गोळी लहान असते, आवाज कमी होतो, जनावराला फारशी वेदना होत नाही आणि मांसही खराब होत नाही, ही कारणे त्यांनी दिली आहेत. पिकाच्या नुकसानीविषयी त्यांनी लिहिले ते खरेच आहे. घाटे धरलेल्या हरभऱ्याच्या शेतात रोह्यांचा कळप एक रात्र थांबला तर सकाळी काय उरते, हे मी बांधावर उभे राहून अनेकदा पाहिले आहे. परंतु गोळीविषयीची त्यांची समजूत चुकीची आहे. मी चोपडा आणि यावल तालुक्यांत पशुवैद्यक म्हणून नोकरी केली, आणि वन कर्मचाऱ्यांनी आणलेल्या मृत वन्यप्राण्यांचे शवविच्छेदन करण्याचे काम वेळोवेळी माझ्याकडे येत असे. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

आधी नावाचा घोळ दूर केला पाहिजे. पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंच, आणि परदेशी शिकारी जिची चर्चा करतात ती ०.२२३ ही जणू तिचीच बहीण, असा आपल्याकडे समज आहे. दोन्ही गोळ्यांची जाडी जवळजवळ सारखी, सुमारे ५.७ मिलिमीटर असते, हे खरे. पण पॉइंट टू-टूच्या रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या काडतुसातली गोळी साधारण ४० ग्रेन वजनाची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर, आणि नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा १०० ते १५० फूट-पौंड. ०.२२३ ची गोळी ५५ ग्रेनची धरली तर ती सेकंदाला सुमारे ३,२४० फूट वेगाने निघते आणि तिची ऊर्जा १,२८० फूट-पौंडांच्या आसपास असते. भोक तेवढेच, पण जोर आठ-दहा पट. म्हणून परदेशात अमुक एकाने लहान बोअरने, म्हणजे बारीक भोकाच्या नळीने, हरीण जागेवर पाडले असे कोणी सांगितले, तर ते हाताशी धरून आपल्या पॉइंट टू-टूचे समर्थन करता येत नाही. ०.२२३ आमच्या भागात कोणाकडे असल्याचे माझ्या पाहण्यात नाही; दिसतात त्या रिमफायर पॉइंट टू-टू, छर्ऱ्यांची बारा बोअर, आणि आयुध निर्माणीची ०.३१५ रायफल, जिच्या काडतुसात २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ सोळा ग्रॅमची गोळी असते.

गोळीने जनावर मरते म्हणजे नेमके काय होते, याविषयीही गैरसमज फार आहेत. धक्क्याने कोणी मरत नाही. मेंदू किंवा मज्जारज्जू तुटला तर जनावर तिथेच कोसळते. अन्यथा ते मरते रक्तस्रावाने, आणि हृदय किंवा दोन्ही फुप्फुसे फाटली तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर दहा-पंधरा सेकंद धावू शकते. तेवढ्या वेळात चितळ शंभर मीटर सहज ओलांडते. म्हणून गोळी छातीत शिरून खोलवर जाणे, आत पसरून रुंद जखम करणे, आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडणे आवश्यक असते; बाहेर पडल्याने दोन भोकांतून रक्त सांडते आणि माग काढता येतो. पॉइंट टू-टूची शिशाची गोळी बरगडीतून आत गेली तर पुढे फारशी पसरत नाही आणि बहुधा आतच राहते. बाहेरचे भोक शाईच्या पेनच्या टोकाएवढे असते. कातडी सरकली की तेही झाकले जाते आणि रक्ताचा थेंबही जमिनीवर पडत नाही. आमच्याकडे हरभऱ्याच्या दिवसांत सागाची पाने गळू लागलेली असतात. त्या तांबूस, कुरकुरीत पाचोळ्यावर विजेरीच्या उजेडात रक्ताचा थेंब शोधून पाहावा, म्हणजे माग काढणे हा शब्द किती सोपा आणि काम किती अवघड, हे कळेल.

एका हिवाळ्यात एक चितळाची मादी माझ्यासमोर आणली गेली. नाल्याच्या पाण्याशी ती मरून पडलेली सापडली होती, कारण पोटात गोळी लागलेले जनावर पाण्याकडे जाते. शेवटच्या बरगडीच्या मागे एक बारीक छिद्र होते, पोट उघडल्यावर दुर्गंधी आली, रवंथाच्या पोटातला चारा उदरपोकळीत पसरलेला, आतड्यांवर पिवळा थर, आणि ओटीपोटाच्या तळाशी किंचित चपटी झालेली शिशाची गोळी. आतील सूज पाहता ती जखम दोन-तीन दिवसांची असावी. दुसऱ्या एका नराच्या खांद्याच्या फऱ्यावर गोळी आदळून तिथेच पसरली होती. हाड मोडले होते, पण छातीच्या पिंजऱ्याला धक्काही लागला नव्हता, आणि जखमेत अळ्या झालेल्या अवस्थेत ते जनावर तीन पायांवर फिरत होते. शिरपूरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने अशाच एका प्रसंगाविषयी मला सांगितले होते, “गोयी लागनी, पन जनावर पयी गये.” म्हणजे गोळी लागली, पण जनावर पळून गेले. त्याच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला होता. वेदना होत नाही असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा पुढचा भाग पाहिलेला नसतो, इतकेच.

०.२२३ सारख्या लहान पण वेगवान गोळीविषयी मात्र मी सरसकट नकारात्मक नाही, आणि प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या बोअरमध्ये कोल्ह्यासारख्या लहान प्राण्यांसाठी केलेली पातळ कवचाची गोळी वेगळी आणि हरणासाठी केलेली गोळी वेगळी. पहिली मांसात शिरताच फुटून विखुरते. ती खांद्यावर बसली तर वर थाळीएवढी जखम दिसते आणि आत काहीच पोहोचत नाही. दुसरी, म्हणजे कवच आणि शिसे एकजीव केलेली किंवा संपूर्ण तांब्याची, आकार धरून राहते आणि खोल जाते. शिवाय जड गोळी हवी तर नळीतले आटेही, म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या खाचाही, तसेच हवेत: बारा इंचांत एक फेरा देणारी नळी ५५ ग्रेनची गोळी सरळ नेते, पण ७० ग्रेनच्या पुढच्या लांब गोळीला सात-आठ इंचांत एक फेरा लागतो, नाहीतर गोळी हवेतच डगमगते. पूर्ण धातूच्या कवचाची लष्करी धाटणीची गोळी तर हरणासाठी अयोग्यच, कारण ती कधी सुईसारखी आरपार जाते तर कधी आत कोलांटी खाते, आणि यातले काय होईल हे आधी सांगता येत नाही. योग्य गोळी, जवळचे अंतर, स्थिर उभे जनावर आणि कसलेला हात, हे सारे जुळून आले तर ०.२२३ ने पंचवीस-तीस किलोचे हरीण स्वच्छ मरते. यातली एकही गोष्ट चुकली तर तसे होत नाही; चुकीला जागाच उरत नाही. मोठ्या गोळीत ती थोडी उरते, आणि फरक काय तो एवढाच आहे.

ज्या देशांत हरणांची शिकार कायदेशीर आहे तिथल्या सरकारांनी हा प्रश्न शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. इंग्लंड-वेल्सच्या १९९१ च्या हरीण कायद्यानुसार रायफल किमान ०.२४० इंचाची आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १,७०० फूट-पौंड लागते, आणि गोळी पसरणारीच हवी. मुंटजॅकसारख्या अगदी लहान जातींपुरती पुढे ०.२२ सेंटरफायरला, म्हणजे बुडाच्या मधोमध ठोका बसणाऱ्या, ०.२२३ सारख्या काडतुसाला, सवलत देण्यात आली. स्कॉटलंडमध्ये १९८५ च्या आदेशाने रो हरणासाठी किमान ५० ग्रेनची गोळी आणि १,००० फूट-पौंड, तर त्याहून मोठ्या हरणांसाठी १०० ग्रेन आणि १,७५० फूट-पौंड अशी मर्यादा घातली. बिनशिशाच्या गोळ्यांची सोय व्हावी म्हणून २०२३ मध्ये १०० चे ८० ग्रेन करण्यात आले, पण ऊर्जेची अट तशीच राहिली. अमेरिकेत कोलोरॅडो राज्य हरणासाठी किमान ०.२४ इंच, ७० ग्रेन, आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पौंड मागते. ५५ ग्रेनच्या ०.२२३ मध्ये त्या अंतरावर साधारण ९२० फूट-पौंड उरतात, म्हणजे जी गोळी आपल्या पॉइंट टू-टूपेक्षा कितीतरी बलवान, तीही तिथे नापास होते. रिमफायरचा तर या कायद्यांत विचारही नाही.

आता हे आकडे आपल्या प्राण्यांना लावून पाहू. स्कॉटलंडचे रो हरीण वजनाने आपल्या चिंकाऱ्याएवढे, वीस-पंचवीस किलोचे. म्हणजे लहान गोळी ज्याला कशीबशी चालेल असा आपल्याकडचा प्राणी चिंकारा. पण तो आणि काळवीट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि पिकाच्या नुकसानीच्या कारणावरून त्यांना मारण्याची परवानगी कोणालाही देता येत नाही. अशा गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, किमान २५,००० रुपये दंड आहे. याउलट कलम ११ खाली उभ्या पिकाच्या रक्षणासाठी परवानगीची मागणी होते ती मुख्यतः रानडुक्कर आणि रोह्याची. रोही हा नावाने गाय आणि लोकांच्या बोलण्यात हरीण असला, तरी मोठा नर दोनशे किलोंच्या पुढे जातो आणि त्याच्या मानेची व खांद्याची कातडी जाड असते. चितळाचा नरही सत्तर ते नव्वद किलोंचा. लहान गोळी ज्याला पुरेल त्याला मारता येत नाही, आणि ज्याला मारण्याची परवानगी मिळू शकते त्याला लहान गोळी पुरत नाही. शेतकरी बंधूंच्या मागणीतली खरी अडचण ही आहे.

यावर नेहमी उदाहरण दिले जाते ते नरभक्षक वाघांचे शिकारी जिम कॉर्बेट यांचे. चंपावतची वाघीण मारल्यावर त्यांना भेट मिळालेली ०.२७५ रिग्बी ही लहान बोअरची रायफल होती, आणि आफ्रिकेत वॉल्टर बेल यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले त्यांतले बहुतेक याच ७ मिलिमीटर बोअरने. पण ही रायफल लहान म्हणायची ती त्या काळच्या हत्तीमार बंदुकांच्या तुलनेत; तिची १४० ग्रेनची गोळीसुद्धा दोन हजारांहून अधिक फूट-पौंड घेऊन जाते, आणि बेल वापरत ती १७३ ग्रेनची न पसरणारी गोळी थेट मेंदूपर्यंत पोहोचवण्यासाठी त्यांनी हत्तींच्या कवट्या करवतीने कापून अभ्यास केला होता. डोक्यात मारली की पॉइंट टू-टूही पुरते, असे म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास लक्षात घ्यावा. हरणाचा मेंदू माणसाच्या मुठीपेक्षा मोठा नसतो, मान सतत हलत असते, आणि नेम दोन इंच खाली गेला तर जबडा फुटून ते जनावर उपाशी मरते.

मांसाच्या मुद्द्यावर थोडक्यात. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३९ नुसार परवानगीने मारलेला वन्यप्राणीसुद्धा शासनाची मालमत्ता असतो. तेव्हा मांस खराब झाले की नाही, याची काळजी शेतकऱ्याने करण्याचे कारण नाही, आणि कोणी करत असेल तर प्रश्न पिकाचा राहत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. जनावर पळून गेले म्हणून गुन्हा पळून जात नाही.

शिशाचा प्रश्नही याला जोडलेला आहे. फुटणाऱ्या शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात पसरतात, आणि न सापडलेले जनावर कोल्ह्या-गिधाडांच्या पोटात जाते. कॅलिफोर्नियाने मुख्यतः तिथल्या काँडर गिधाडांसाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. गुरांच्या औषधातील डायक्लोफिनॅकने आपली गिधाडे कशी संपवली, हे आम्हा पशुवैद्यकांइतके कोणाला टोचत नसेल. त्यात आणखी एका विषाची भर नको.

माझी सूचना म्हणून एवढीच आहे. नोकरीच्या काळात माझ्या पाहण्यात आलेल्या परवानगीपत्रांवर प्राण्याचे नाव, गट क्रमांक आणि मुदत असे, पण कोणत्या बंदुकीने आणि कोणत्या गोळीने मारायचे, याविषयी एक ओळही नसे. मुख्य वन्यजीव रक्षकांनी, किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांनी, जिथे परवानगी द्यावीच लागेल तिथे त्या कागदावर स्पष्ट लिहावे की रिमफायर काडतूस, पूर्ण कवचाची गोळी आणि बारीक छर्रे चालणार नाहीत, रोह्यासाठी ०.३१५ किंवा ०.३०-०६ च्या दर्जाची सेंटरफायर रायफल आणि पसरणारी गोळीच वापरावी. आणि बंदूक चालवणाऱ्याने आधी शंभर मीटरवर लावलेल्या जेवणाच्या ताटलीएवढ्या निशाणावर सलग पाच गोळ्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांसमोर मारून दाखवाव्यात. बार झाला की जनावर पडो वा पळो, त्याच रात्री वनरक्षकाला कळवणे बंधनकारक असावे, आणि पळाले असेल तर सकाळी माग काढायला परवानाधारकाने स्वतः हजर राहावे, नाल्यापर्यंत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक
ता. चोपडा, जि. जळगाव