सेवन आणि विक्री यांची शिक्षा केवळ वजनावर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एमडी या अमली पदार्थाचा मोठा साठा पकडला की ‘कायदा आणखी कडक करा’ ही मागणी पुढे येते. 1985चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा कडकच आहे. व्यावसायिक मात्रेला, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या वजनाला, किमान 10, कमाल 20 वर्षे सक्तमजुरी, वर 1 ते 2 लाख रुपये दंड, आणि कलम 37 मुळे जामीन मिळणे फार अवघड. दुखणे वेगळे आहे. घेणारा कोण आणि विकणारा कोण, हे हा कायदा मुख्यतः ग्रॅमवर ठरवतो.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. त्याची अल्प मात्रा 2 ग्रॅम, व्यावसायिक मात्रा 50 ग्रॅम; या दोहोंमधले वजन ती मधली मात्रा. कलम 22 मध्ये बाळगणे, विकत घेणे, विकणे, वाहून नेणे हे सगळे एकाच ओळीत बसवले आहे. त्यामुळे कॉलेजबाहेर दीड ग्रॅमची पुडी विकणाऱ्याला जास्तीत जास्त 1 वर्ष, तर स्वतःसाठी 3 ग्रॅम खिशात ठेवणाऱ्या व्यसनी मुलाला 10 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. विक्रेत्याला हे गणित पक्के ठाऊक असते; तो अंगावर एका गिऱ्हाइकापुरताच माल ठेवतो. सेवनासाठी वेगळे कलम 27 आहे (हेरॉइन, कोकेनसाठी 1 वर्षापर्यंत, गांजा-चरससाठी 6 महिन्यांपर्यंत), पण खिशात पुडी सापडली की बाळगण्याचे कलम लागतेच.

मधल्या मात्रेला किमान शिक्षा नाही, न्यायाधीश ती कमी करू शकतात, हे खरे. पण तोवर खटला विशेष न्यायालयात गेलेला असतो आणि उपचाराची वाट बंद झालेली असते.

ती वाट म्हणजे कलम 64अ. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि ते त्याने घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. दोषी ठरल्यावरही कलम 39 खाली न्यायालय त्याला बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकते. तरतूद चांगली आहे, पण 2 ग्रॅमच्या रेषेपलीकडे तिचा उपयोग शून्य.

त्यात भेसळीची भर. 2020 मध्ये हीरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अमली द्रव्याचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे असा निकाल दिला. हेरॉइनची अल्प मात्रा 5 ग्रॅम. ब्राउन शुगरच्या 6 ग्रॅम पुडीत हेरॉइन समजा 10 टक्केच असले, म्हणजे 0.6 ग्रॅम, तरी मात्रा 6 ग्रॅमच धरली जाते. शुद्ध भागच मोजला तर भेसळ करणारा विक्रेता सुटेल, ही भीती रास्त आहे. पण सर्वांत भेसळीचा माल गरीब व्यसनीच घेतो, आणि तोच वरच्या मात्रेत ढकलला जातो.

कायद्यात दुरुस्ती करायची तर ती इथे करा. अल्प आणि मधल्या मात्रेत ‘विक्रीसाठी बाळगणे’ हा वेगळा गुन्हा ठेवा आणि तो सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावर टाका. पुरावा मिळतो: वजनकाटा, रिकाम्या पाऊचची चळत, फोनमधले व्यवहार, यूपीआयवर वेगवेगळ्या लोकांकडून आलेल्या सारख्याच रकमा. असा पुरावा असेल तर दीड ग्रॅमवालाही 1 वर्षात सुटता कामा नये. नसेल तर 3 ग्रॅमवाल्यालाही 64अ मिळावे. स्वतःच्या डोससाठी दुसऱ्याला पुडी विकणारा व्यसनी या दोघांच्या मधला आहे. त्याचा निर्णय वैद्यकीय तपासणीनंतर न्यायालयाने करावा.

यातल्या एका गोष्टीला संसदेची वाट पाहायला नको. अल्प मात्रेच्या आरोपीला पहिल्यांदा न्यायालयात उभे केले जाते, तेव्हाच दंडाधिकाऱ्यांनी त्याला उपचार हवेत का, हे विचारून त्याचे उत्तर रोजनाम्यात नोंदवावे. वकील नसलेल्या आरोपीला 64अ हे कलम आहे, हेच बहुधा ठाऊक नसते.

आपला,
एक फौजदारी वकील, पुणे