शनिवारच्या खेळाची आठवण

सभासदहो,

येत्या शनिवारी रात्री साडेआठला, नेहमीच्याच हॉलमध्ये, बॉबकॅट गोल्डथ्वेट दिग्दर्शित ‘विलो क्रीक’ (२०१३) दाखवणार आहोत. बिगफूट (माणसासारखा दिसणारा, दंतकथेतला महाकाय केसाळ प्राणी) आहेच असं मानणारा जिम आणि त्यावर काडीचाही विश्वास नसलेली केली नावाची त्याची मैत्रीण, कॅमेरा घेऊन उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकच्या जंगलात जातात. ऑक्टोबर १९६७ मध्ये पॅटरसन आणि गिमलिन यांनी बिगफूट म्हणून प्रसिद्ध झालेली ती केसाळ आकृती चित्रित केली, ती हीच जागा. आपल्याला दिसतं ते फक्त या दोघांच्या कॅमेऱ्यातून.

पूर्वार्ध संथ आहे, गावकऱ्यांशी गप्पाच जास्त. कंटाळून उठू नका. पुढे रात्री तंबूतला एकच सलग शॉट पंधरा मिनिटांहून जास्त चालतो. दिसत काहीच नाही, नुसते बाहेरचे आवाज. सगळी भीती कानांवाटे येते, म्हणून मोबाइल पूर्ण बंद हवेत. चिवडा-वेफर्स आधीच संपवा. गेल्या वेळी ऐन शांततेत पुडी कुणी फोडली, ते इथे लिहीत नाही!

हलत्या कॅमेऱ्याने मळमळत असेल तर मागच्या रांगेत बसा. लहान मुलांना आणू नये. दार ८.२५ ला बंद होईल.

– कार्यवाह