त्यांच्या बातम्याही वाचा की!

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

परदेशात वाढलेल्या आणि तिथेच क्रीडा पत्रकार म्हणून नाव काढणाऱ्या मराठी तरुणावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. आनंद झाला, पण समाधान झालं नाही. आजोबा मूळचे कुठले, घरात अजून मराठी कसं बोललं जातं, मुलाने इंजिनीअर व्हावं म्हणून आई-वडील कसे मागे लागले होते, हे सगळं साग्रसंगीत आलं. हा मुलगा कोणत्या खेळावर लिहितो, त्याची कुठली बातमी गाजली, याबद्दल मात्र अख्ख्या पानात जेमतेम दोन ओळी. गायकावर लेख लिहावा आणि त्याच्या गाण्याचा विषयच काढू नये, तसं झालं हे.

माझी भाची याच पेशात आहे, जन्मही तिकडचाच, म्हणून मला हे जरा जास्त टोचलं असेल. तिने मला एकदा एका छोट्या मैदानावरच्या फुटबॉल सामन्याला नेलं होतं. तिथे पत्रकारांची बाकं प्रेक्षकांच्या रांगांना लागूनच असतात, त्यामुळे तिचं काम जवळून पाहता आलं. सामना रात्रीचा. तो संपण्याची आणि पान छपाईला सोडण्याची वेळ जवळपास एकच. म्हणून पूर्वार्धाचा मजकूर मध्यंतरालाच रवाना होतो, उत्तरार्धाचा तुकड्यातुकड्याने जात राहतो आणि बातमीचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, सगळ्यात शेवटी, शिट्टी वाजता वाजता. यजमान संघ शेवटच्या काही मिनिटांपर्यंत पुढे होता. इंट्रो लिहून तयार, सामन्याचा नायकही ठरलेला. तेवढ्यात पाहुण्यांनी बरोबरी साधली आणि इंज्युरी टाइममध्ये दुसरा गोल मारून सामनाच खिशात घातला. लोक डोक्याला हात लावून बसले होते आणि ही पोरगी मान खाली घालून मघाशी लिहिलेलं सगळं उलटं फिरवत होती. नायक बातमीतून गायब! मजकूर गेला तशी ती उठली आणि खेळाडू बाहेर येतात त्या वाटेवर, कठड्यापाशी, फोन पुढे धरून उभी राहिली. हरलेल्या प्रशिक्षकाने थांबून बोलायला बराच वेळ लावला. तोवर थंडीत तशीच उभी.

या मुलीला पहिल्या नोकरीत काय सांगण्यात आलं? ‘तू भारतीय, म्हणजे क्रिकेट तुझ्याकडे.’ ती वाढली फुटबॉल बघत आणि खेळत. क्रिकेटमधला लेग बाय तिने नोकरीसाठी शिकून घेतला. भारतीय संघ दौऱ्यावर आला की तिचा फोन वाजायचा, संघ परतला की गप्प. तिला फुटबॉल मिळाला तो पुढे नोकरी बदलल्यावर.

हरनारायण सिंग यांचंच उदाहरण घ्या. कॅनडात जन्मलेला हा शीख मुलगा लहानपणापासून आइस हॉकीचा वेडा. 2008 साली ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं पंजाबी समालोचन सुरू झालं आणि त्याला माइक मिळाला. सुरुवातीच्या काळात तो शनिवारच्या सामन्यांसाठी कॅलगरीहून टोरँटोला स्वतःच्या खर्चाने विमानाने जायचा. 2016 साली एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅनले कपच्या, अंतिम मालिकेत पिट्सबर्ग संघाच्या निक बोनिनोने पहिल्या सामन्यातला विजयी गोल केला, तेव्हा सिंग यांनी ‘बोनिनो, बोनिनो, बोनिनो’ असा जो गजर लावला तो भाषा न कळणाऱ्यांनीही पुन्हा पुन्हा ऐकला. चषक जिंकल्यावर पिट्सबर्गच्या संघाने या पंजाबी चमूला विजयोत्सवाला बोलावून घेतलं. आपल्याकडे गोष्ट बहुधा इथेच थांबते, कारण इथवर अभिमानाचा कोटा पूर्ण होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिंग एनएचएलच्या इंग्रजी प्रक्षेपणात आले, तसं करणारे ते पहिले शीख. समाजासाठीच्या वाहिनीवरून सगळ्यांच्या वाहिनीवर जायला आठ वर्षं लागली. मला तरी त्या विमानाच्या तिकिटांबद्दल आणि या आठ वर्षांबद्दल जास्त वाचायला आवडेल.

मिहिर बोस यांचं नाव आपल्या वाचकांना परिचित असेल. मुंबईत वाढले, इंग्लंडला गेले, चार्टर्ड अकाउंटंट झाले आणि ते सोडून पत्रकारितेत शिरले. 2007 साली ते बीबीसीचे पहिले क्रीडा संपादक झाले. क्रिकेटवर त्यांनी भरपूर लिहिलं, पण तेवढ्यावर हे पद मिळालेलं नाही. खेळातला पैसा आणि त्यामागचं राजकारण हाही त्यांचा प्रांत होता.

वंशाचा पत्रकारितेशी काहीच संबंध नसतो, असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर क्रिकेट क्लबमधल्या वर्णद्वेषाबद्दल तिथला माजी खेळाडू, पाकिस्तानी वंशाचा अझीम रफिक ऑगस्ट 2020 मध्ये विझडेन या क्रिकेट प्रकाशनाच्या संकेतस्थळाला दिलेल्या मुलाखतीत बोलला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये ते प्रकरण ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे गेलं. अशा विषयात, समोरचा काय सोसतोय हे ज्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, असा वार्ताहर संपादकांकडे असलाच पाहिजे. फक्त त्याला सोमवारी वर्णद्वेष आणि शनिवारी क्रिकेट एवढंच देऊ नये. ट्रान्स्फर मार्केट म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री, उत्तेजक चाचण्या, क्लबचे ताळेबंद, हेही त्याला लिहिता येतं.

आता आपल्या वृत्तपत्रांविषयी. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांच्या बातम्या बहुतेक वेळा वृत्तसंस्थेकडून आलेल्या मजकुराचा अनुवाद असतात, हे वाचकाला कळतं. तिथे स्टेडियममध्ये बसलेली, मराठी लिहिता येणारी मुलं-मुली असतात. माझ्या भाचीला एका मराठी दैनिकाने एकदा विचारलं होतं खरं. सामन्याबद्दल नव्हे, ‘स्टँडमधल्या मराठी मंडळींचे फोटो पाठवाल का?’ म्हणून. पैशांचा विषय निघालाच नाही. म्हणजे तिकडचा संपादक तिला भारतीय म्हणून एका कप्प्यात टाकणार आणि इकडचा मराठी म्हणून दुसऱ्या. तिकडचा निदान पगार तरी देत होता.

तेव्हा आपल्या क्रीडा विभागाने पुढच्या मोठ्या स्पर्धेत अशा एखाद्या पत्रकाराकडून सामन्याचं वार्तांकन मागवावं, भारत खेळत असो वा नसो. शब्दमर्यादा आणि मानधन दोन्ही आधी कळवावं.

आपला,
एक नियमित वाचक