आधी उलटं करून बघ

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. वर्षभरात दुसऱ्यांदा बुटाचा तळ सुटला म्हणून वैतागली आहेस, आणि नव्या घरासाठी वॉशिंग मशीन घेताना तरी फसायला नको, असं तुझं म्हणणं. दोन बुटांचे आणि तीन मशिनांचे फोटो, खाली फक्त "बाबा, कुठलं टिकेल?" फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि नंतर मनाला येईल तेच घेतेस. म्हणून हे पत्र.

"एकदाच पैसे घालायचे आणि मग आयुष्यभर बघायला नको," असं लिहिलंयस, तिथेच मी अडलो. हा प्रयोग मी करून बसलोय. तुझ्या पदवीदानाला घातलेले माझे काळे बूट आठवतात? त्याच्या सात-आठ वर्षं आधी हौसेनं घेतले होते. रोज घातले तर खराब होतील, म्हणून कागदात गुंडाळून खोक्यात ठेवले, आणि त्या सात-आठ वर्षांत दोन-तीनदाच बाहेर काढले. त्या दिवशी सभागृहाच्या पायऱ्या चढताना मागून तू कुजबुजलीस, "बाबा, तुझे बूट गळतायत." वळून बघतो तर पायरी-पायरीवर काळा भुगा सांडलेला. वरचं चामडं मात्र आरशासारखं चकचकीत. उरलेला कार्यक्रम मी पाय खुर्चीखाली ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी मोच्यानं बूट हातात घेतला आणि म्हणाला, "साहेब, हा फोमचा सोल. ठेवून ठेवून मरतो." त्या फोमला पॉलियुरेथेन म्हणतात, हे मी नंतर वाचलं. हवेतली ओल त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जाते. बूट पायात असो की खोक्यात, हे काम चालूच राहतं, बंद आणि दमट कपाटात तर जास्तच. मी बूट जपत होतो, तेव्हा ते आतल्या आत संपत होते.

तेव्हापासून कुठलाही बूट मी आधी उलटा करून बघतो. तळ नुसत्या गोंदावर चिकटवलाय की शिवलाय, हे पहिलं पाहायचं. गोंद वाईट नसतो. धावायचे बूट तर बहुतेक चिकटवलेलेच असतात आणि त्यांच्याकडून हलकेपणाच हवा असतो. पण रोज ऑफिसला घालायच्या बुटाला वरच्या चामड्याभोवती एक पट्टी शिवलेली असते का, ते बघ. तिला वेल्ट म्हणतात. वरचा भाग त्या पट्टीला शिवतात आणि तळ वेगळ्या टाक्यांनी त्याच पट्टीला. तळ झिजला की मोची बाहेरचे टाके कापतो, नवा तळ शिवतो आणि वरच्या चामड्याला धक्काही लागत नाही. गंमत म्हणजे रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचं अमेरिकन पेटंट १८४४ साली चार्ल्स गुडइयरला मिळालं, आणि वेल्ट शिवण्याचं यंत्र १८७०च्या सुमारास पुढे आणलं ते त्याच्याच मुलानं. ती शिलाई आजही गुडइयर वेल्ट म्हणूनच ओळखली जाते. बापानं तळाचं साहित्य दिलं, मुलानं तो तळ बदलायची सोय केली. (आपल्या घरी मी उघडतो आणि तू परत जोडतेस, तसंच काहीसं.)

एक सावधगिरी मात्र हवी. काही बुटांवर असे टाके नुसते दाखवायला मारलेले असतात. तळ उलटा केल्यावर खोबणीत दोऱ्याची ओळ दिसत नसेल, तर दुकानदाराला स्पष्ट विचार, "याचा तळ बदलून मिळतो का?" त्याला प्रश्नच कळला नाही, तर तेच उत्तर समज.

चामड्याचं थोडक्यात सांगतो. "अस्सल चामडं" असा शिक्का बघून हुरळून जाऊ नकोस, त्यावरून प्रत कळत नाही. कातड्याचा सगळ्यात वरचा, न घासलेला थर सर्वांत घट्ट आणि टिकाऊ असतो. बारीक छिद्रं, एखादा ओरखडा दिसला तर वाईट वाटून घेऊ नकोस, ते चांगलं लक्षण आहे. अगदी काचेसारखं गुळगुळीत असेल तर बहुधा वरचा थर घासून रंगाचा लेप दिलेला असतो, आणि घडी पडते तिथे तो लेप आधी तडकतो. चामड्याचा भुगा गोंदात घालून केलेले पत्रेही मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस.

आणि एकच जोड रोज घालू नकोस. दिवसभराचा घाम एका रात्रीत वाळत नाही. दोन जोड आलटून पालटून घातले, तर एकामागून एक घालून संपवण्यापेक्षा दोन्ही जास्त चालतात. भिजले तर आत कागद कोंबून सावलीत ठेव, हीटरसमोर नको.

आता मशीन. तुझे तिन्ही फोटो समोरून काढलेत. समोरून सगळी मशिनं सुंदरच दिसतात. तिघांवरही मोटरची १० वर्षांची हमी मोठ्या अक्षरांत लिहिलीय, आणि तू भुललीस ती तिथेच, हे मी ओळखलं. अगं, मोटर सहसा जातच नाही! जातो तो पाण्याचा पंप, दाराचं लॉक, कंट्रोल बोर्ड आणि ड्रमचं बेअरिंग. त्यांची हमी किती, ते बारीक अक्षरांत शोध.

बेअरिंगवर जरा थांबतो, कारण आपलं आधीचं मशीन त्यानंच घालवलं. पिळताना विमान उतरल्यासारखा आवाज करायचं ना, तेच. बेअरिंग म्हणजे ड्रम जिच्या आधारानं फिरतो ती मुठीत मावेल एवढी पोलादी कडी. मेकॅनिकनं मशीन उघडलं आणि हात झटकले. ड्रमभोवतीची प्लॅस्टिकची टाकी दोन अर्धुकं वितळवून कायमची जोडलेली होती, स्क्रूनं आवळलेली नव्हती. एवढ्याशा कडीसाठी अख्खी टाकी बदलायची, आणि तिचा खर्च जवळजवळ नव्या मशीनइतका. म्हणून दुकानात एवढंच विचार, टाकी उघडता येते का? विक्रेत्याला माहीत नसेल तर सर्व्हिस सेंटरला फोन करून विचार, "या मॉडेलचं बेअरिंग सुटं मिळतं का, आणि बसवायचे किती घेता?" त्या एका फोननं जे कळेल ते दहा जाहिराती वाचून कळणार नाही.

तुझा काका म्हणेल, कंपन्या मुद्दाम लवकर मोडणाऱ्या वस्तू करतात. त्यात तथ्य आहे. १९२४ साली जिनिव्हामध्ये बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ केला, बल्बचं आयुष्य १००० तासांपर्यंत खाली आणायचं ठरवलं, आणि जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सदस्याला दंड लावला. पण दुसरी बाजूही बघ. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१पासून एक बल्ब जळतोय, त्याची दाखले देऊन देऊन स्तुती होते. तो जवळजवळ कधी बंदच केला जात नाही आणि उजेड जेमतेम ४ वॅटच्या दिव्याएवढा. त्याच्याखाली तुला पुस्तक वाचता येणार नाही. टिकण्यासाठी काहीतरी सोडावं लागतं, तेव्हा काय सोडायला तयार आहोत ते आधी ठरव. मला कटाच्या गोष्टींपेक्षा नियम जास्त उपयोगी वाटतात. युरोपीय संघात मार्च २०२१पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, ते मॉडेल बाजारात यायचं थांबल्यानंतरही १० वर्षं पुरवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. तुझ्याकडे नियम काय आहे ते बघ, आणि नसेल तर कंपनीला तोंडानं विचार.

घेतल्यावर पावडर निम्मी घाल. जास्त पावडरीनं कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. तिचा साका ड्रमला मागून धरून ठेवणाऱ्या अॅल्युमिनियमच्या तिपाईवर बसतो आणि ती गंजत जाते. धुणं झालं की दार उघडं ठेव. मशीन भिंतीला खेटवू नकोस, फ्रिज तर अजिबातच नको. मागे हवा खेळली नाही की उष्णता साठते, आणि कंट्रोल बोर्डावरच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं (वीज साठवणारा छोटा भाग) आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं.

मिक्सरचं काही फार नाही. खालचा कपलर, म्हणजे भांडं मोटरला जोडणारा तुकडा, तुटला तर घाबरू नकोस, तो तुटायलाच केलेला असतो, मोटर वाचावी म्हणून. दोन कपलर जास्तीचे आणून ठेव. पंखा मंदावला तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो बदलायला कुणाला तरी बोलाव, स्वतः शिडीवर चढू नकोस. (आई शेजारून वाचतेय. म्हणते, मी जितक्या वस्तू दुरुस्त केल्या त्याहून जास्त बिघडवल्या, हेही लिही. लिहिलं.)

तर आता मशीनचे फोटो मागून काढून पाठव, स्क्रू दिसतील असे. आणि तळ सुटलेले बूट अजून टाकले नसशील तर टाकू नकोस. उजव्याची टाच बाहेरच्या बाजूनं जास्त झिजलीय का, ते आधी बघून कळव. तू लहानपणापासून तशीच चालतेस.

तुझा,
बाबा